दिव्यांचा मीटर

पिंकीचा बाप दोन महिन्यांपासून माझ्या एका हाकेला ओ देत नाही. जुन्या जीपला एलईडी दिव्यांचा मीटर बनवायला मात्र वेळच वेळ! इंजिन जास्त फिरलं की लाल दिवा लागतो, म्हणे. तीस वर्षं ज्यानं नुसत्या आवाजावर गिअर टाकले, त्याला दिवे कशाला?

काल संत्रा तोडायला अकरा बाया घेऊन आम्ही त्याच जीपनं वरूडला निघालो. मागचा ट्रक हॉर्न वाजवून थकला, तरी हा साइड देईना. लाल दिवा लागला तसा मात्र झटकन गिअर बदलला.

मी त्याचं मनगट धरून गाडी थांबवायला लावली. त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"कान गेले म्हून दिवे लावले ना? मंग मांगच्या ट्रकसाठी कोनता दिवा लावला? आना चावी इकडं!"