मंगळवारचा आवाज

चहा तिसऱ्यांदा झाला, तरी त्या बोर्डाचा निकाल काही लागत नव्हता.

बोर्ड साजिदच्या पायाशी होता. पाटाएवढा, सहा बटनांचा, मधे काचेची खिडकी आणि खिडकीत जुन्या रेडिओत असायची तशी अंगठ्याएवढी ट्यूब. गिटारची वायर त्यात खुपसली की एकटा दहा अँप्लिफायरचे आवाज काढतो, अशी त्याची ख्याती. साजिदनं तो पुण्याहून जुनाच आणला होता.

पाच वाजता अकोल्याहून ऑर्केस्ट्राचे मालक भगवंतराव येणार होते. यंदा कपाशी गेली, लग्नं घरच्या घरी उरकायला लागली, आणि सात जणांच्या ऑर्केस्ट्रात पाचच ठेवायचे असं त्यांनी ठरवलं होतं. गिटारचं काम कीबोर्डवाला करून देईन म्हणत होता. आज आवाज पसंत पडला तर साजिद राहणार, नाही तर कीबोर्ड. आणि इथं साजिद आणि त्याचे दोन जाणकार कालपासून एका ट्यूबवर भांडत होते.

साजिदची बायको परवीन खिडकीशी मशीनवर ब्लाउजला बाह्या लावत होती. खोली एकच, त्यामुळे सगळं कानावर येत होतं. बाळापूरच्या गुलाम नबी चाचांची उमर वाल्वचे रेडिओ दुरुस्त करण्यात आणि गिटार वाजवण्यात गेली. शुक्रवारी त्यांनी डोळे मिटून सांगितलं होतं की असा भरलेला आवाज तीस वर्षांत ऐकला नाही, ट्यूब ती ट्यूब. गजेंद्र सायबर कॅफेत बसून परदेशातल्या गिटारवाल्यांची मतं वाचतो. काल, सोमवारी, त्यानं तोच बोर्ड ऐकला आणि म्हणाला, आवाज चिखलात फसला आहे, ट्यूब नुसती दिखाव्याची, आत सगळा कॉम्प्युटर. चाचांनी पुन्हा कान लावला, तर त्यांनाही चिखलच लागला. मग त्यांनी ट्यूब नकली ठरवली. आज सकाळपासून तारा बदलून झाल्या, वायर बदलून झाली, गजेंद्रनं ट्यूब दोनदा उपसून, फुंकर मारून परत बसवली.

परवीनला हसावं की उठून तिघांना बाहेर काढावं, कळत नव्हतं. पातूरचं हे टोक शेतांच्याच विजेच्या लाइनवर होतं. सोमवार ते बुधवार शेतीची लाइन दिवसा, बाकीचे दिवस रात्री. तिनं ते खडूनं भिंतीवर लिहूनच ठेवलं होतं. लाइन आली की पंपांचे ऑटो स्विच एकदम उचलतात, हरभऱ्याले पाणी सुटतं, व्होल्टेज पडतं आणि खोलीतला बल्ब वाळल्या मिरचीसारखा लाल होऊन बसतो. असल्याच एका मंगळवारी तिच्या मशीनची पहिली मोटर जळाली होती. तेव्हापासून नवी मोटर स्टॅबिलायझरवर.

भगवंतरावांना गुरुवारी बोलवा, हे तिनं साजिदला शनिवारीच सांगितलं होतं. तो प्रेमानंच म्हणाला होता की आवाजाची गोष्ट वेगळी असते. दुपारी तिनं तेच सगळ्यांपुढे काढलं, तर गजेंद्र हसला.

"भाभी, हे काही शिलाई मशीन नाही."

तिनं दातानं दोरा तोडला आणि चहा ठेवला.

पाचला भगवंतराव आले, खाटेवर बसले, चहा नको म्हणाले. साजिदनं नवरदेव घोड्यावरून उतरतो तेव्हा वाजवायची धून काढली. आवाज गोधडीखालून यावा तसा आला. भगवंतरावांनी तोंड वाकडं केलं नाही, फक्त मनगटावरचं घड्याळ पाहिलं. परवीननं ते पाहिलं.

"आवाज बसून राहिला नं, साजिद," भगवंतराव म्हणाले.

लगेच ट्यूब, तार आणि सेटिंग अशी तीन तोंडं एकदम सुटली. तिघंही बोर्डावर ओणवे झाले. साजिदचे कान लाल झाले होते.

परवीन उठली. मोटरचा पिन स्टॅबिलायझरमधून काढला, बोर्डाचा पिन भिंतीतून उपसून तिथं लावला. स्टॅबिलायझर टक्क वाजला. मग तिनं मशीनखाली लोंबणारा चामड्याचा जुना पट्टा चाकावर चढवला आणि पायडलवर पाय ठेवला. चार वर्षांनी. गुडघा दुखतो म्हणूनच तर मोटर घेतली होती.

तेवढ्यात मिटलेला बोर्ड परत पेटला.

"मी रीसेट मारला," गजेंद्र म्हणाला. "आता वाजव."

साजिदनं वाजवलं. बल्ब लालच होता, पण आवाज उघडला आणि भिंतीवरची ताटं झणझणली. भगवंतराव पूर्ण धून ऐकेपर्यंत घड्याळाकडे वळले नाहीत.

"हे कीबोर्डवर नाही निघत," ते म्हणाले. "राहा तू."

चाचा म्हणाले, ट्यूब गरम व्हाले टाइम लागतेच, मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो. गजेंद्र म्हणाला, ट्यूबचा काय संबंध, रीसेट. दोघं पुन्हा सुरू झाले.

"आणखी एकदा वाजव," भगवंतराव म्हणाले, आणि खिडकीकडे वळले. "भाभी, तेवढी ती खटखट थांबवता का? मजा येऊन राहिली."

साजिदनं मान वर केली. खटखट कसली, म्हणून त्यानं आधी मशीनकडे पाहिलं. मग तिच्या पायाकडे. मग बोर्डाच्या वायरमागं त्याची नजर हळूहळू सरकत गेली, ती स्टॅबिलायझरपाशी थांबली.

"नवरीच्या बाह्या राहिल्या, भाऊ," परवीन मान न उचलता म्हणाली. "तुमी ऐका."

साजिदनं धून पुन्हा धरली, या वेळी पायडलच्या ठेक्यावर.