उतरलेला सूर

"सर, तुम्ही चुकताय," माझी विद्यार्थिनी शलाका म्हणाली. "रेकॉर्डिंगमध्ये इथे सूर जरा उतरलेला आहे. त्यातच तर गाण्याची सगळी मजा आहे!"

तीस वर्षांपूर्वी त्या गाण्यात गिटार मीच वाजवली होती. ऐन रेकॉर्डिंगमध्ये तार उतरली आणि तेवढा एक सूर बिघडला. मी पुन्हा वाजवायचा हट्ट धरला. "अरे राहू दे, मस्त वाटतंय," ड्रमर एल्विन म्हणाला. बेसुरं काम माझ्या नावावर नको, असं ओरडून मी बँड सोडला. कॅसेटवर दुसऱ्याचंच नाव छापलं गेलं. पुढे आठ बँड झाले. प्रत्येक ठिकाणी मला कुणीतरी बेसूर भेटलंच.

"वाजव बरं," एवढंच मी शलाकाला म्हणालो. तिने बोटाने तार जराशी कमी ताणली. सूर खरंच सुंदर होता. एल्विनचं बरोबर होतं.

मग मी वाजवून पाहिलं. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी सूर शुद्धच लागला.

"असू दे, सर," ती माझी समजूत घालत म्हणाली, "सरावाने जमेल."