गिरडहून फोन

"सारं काम क्लाउडवर टाकाचा विचार चालू हाय. मंग सर्व्हर लागणार नाई," साहेब म्हणाले. हिंगणघाटच्या जिनिंग फॅक्टरीत बारा वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या मोतीलालने दुसऱ्याच दिवशी गिरडला जातो सांगून रजा टाकली. निघताना सर्व्हर गुपचूप बंद केला आणि बायकोला घेऊन गिरडच्या दर्ग्यावर गेला. आपल्यावाचून कसं अडतं, ते कळू दे एकदा!

तीन दिवस त्याने फोन हातातून सोडला नाही. तो एकदाही वाजला नाही. शेवटी त्यानेच लावला.

"साहेब, सर्व्हर बंद पडला नं? येऊ का मी?"

"बंद हाय? कोणाले समजलंच नाई. काम तर मागच्या महिन्यातच क्लाउडवर गेलं, तुमाले एकदम कसं सांगाव म्हणून 'विचार चालू हाय' म्हटलं. पण मोतीलालभाऊ, गिरडले बसून तुमाले कसं समजलं?"