रस्त्याकडची भिंत

भिंतीवरच्या मोठ्या लाल शब्दाशेजारचा पांढरा रंग मर्लने नखाने खरवडला. खालून आणखी लाल अक्षरं डोकावली.

"बाई, खाली हे काय लिहिलंय?"

"तेच. खोटारडी," इर्मा म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

मर्ल शेजारच्या गावचा कंत्राटदार. भिंतीच्या जुन्या लाकडी फळ्यांवर विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवायचं काम इर्माच्या मुलाने, रसेलने, त्याला फोनवरूनच दिलं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला रसेल बायकोमुलांना घेऊन येणार होता. त्याआधी तो शब्द झाकला जायला हवा होता. रसेलने स्वतः त्यावर दोनदा रंग फासला होता. पण तो शहरात परतला, की शब्द पुन्हा भिंतीवर हजर.

"कुणी लिहिलं?"

"का लिहिलंय ते गावाला माहीत आहे."

उत्तर भलत्याच प्रश्नाचं होतं, पण मर्लने चालवून घेतलं. बाकीचं त्याला खिळ्यांच्या दुकानात कळलं. समोरच्या घरातल्या लोइसच्या मुलीला, टेसाला, एका संध्याकाळी सायकलवर असताना कुणाच्या तरी गाडीने उडवलं होतं. गाडी थांबली नाही. गाडी रसेल चालवत होता, असं टेसाने सांगितलं आणि खटला रसेलवर झाला. इर्माने बायबलवर हात ठेवून सांगितलं, की तेव्हा रसेल तिच्यासमोर बसून जेवत होता. रसेल सुटला. टेसा चाकाच्या खुर्चीत बसली ती कायमचीच.

तेव्हापासून इर्माने चर्चमध्ये जाणं सोडलं होतं. किराणासुद्धा ती दुसऱ्या गावातून आणायची.

मर्लला तिची कीव आली. "आईने बघितलं ते सांगितलं, बाई. त्यात मान खाली कशाला घालायची? थांबा, मी बोलतो त्या समोरच्या लोइसशी."

"नको, मर्ल. जाऊ दे."

पण तो तोवर रस्ता ओलांडून गेलाही होता. लोइस ओसरीवर सफरचंदं सोलत होती. शेजारी खुर्चीत टेसा.

"हे बघा बाई," मर्ल म्हणाला, "आता त्या घराला नवी भिंत येतेय. एकट्या म्हातारीला छळणं पुरे झालं."

लोइसने सुरी खाली ठेवली. "मी एक अक्षर लिहिलेलं नाही. म्हणायचं असतं, तर तुझ्या त्या म्हातारीच्या तोंडावर बोलले असते."

"मग कुणी लिहिलं?"

"देव जाणे."

"मला मात्र आवडतं ते," टेसा म्हणाली. "खिडकीतून रोज दिसतं. वाटतं, गावात निदान एकाला तरी माझं खरं वाटतंय. आता तेही झाकणार तुम्ही."

मर्ल परत फिरला. रस्त्यापलीकडे आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या इर्माने शब्दन् शब्द ऐकला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घरात गेली आणि मर्ल कॉफीसाठी हाका मारत राहिला, तरी बाहेर आली नाही.

आठवडाभरात काम झालं. फिकट निळी, गुळगुळीत भिंत. जाणारेयेणारे गाडी सावकाश करून बघायचे. एकाने तर कित्येक वर्षांनी हातही हलवला. इर्माने तो न बघितल्यासारखं केलं.

मर्ल शिड्या घेऊन गेला आणि रसेलचा फोन आला.

"आई, दिसत नाही ना आता काही?"

"काही दिसत नाही."

"छान. आता ते विसरून जा. आणि परत कुणी लिहिलंच, तर सरळ पोलिसांना बोलव. या वेळी मी सोडणार नाही."

"बरं," इर्मा म्हणाली. "नीट ये."

तिने फोन ठेवला. अंगावर कोट चढवला. दुपारचं लख्ख ऊन होतं. समोरच्या खिडकीत टेसा बसलेली होती.

इर्मा गॅरेजमध्ये गेली आणि लाल रंगाचा डबा घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी अंधार पडायची वाट तिने बघितली नाही. भिंतीपाशी जाऊन तिने कुंचला बुडवला. या वेळी एका शब्दावर न थांबता, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत तिने लिहिलं:

'त्या संध्याकाळी रसेल घरी नव्हता.'