नोंद नसलेली किटली

अकरा वर्षांत फाटकावर एकही किटली नासकी निघाली नाही, तेव्हा वास घेणाऱ्या बाईची गरज नाही, असं यंत्राने ठरवलं होतं. डेअरीत यंत्राच्या निर्णयावर आता माणसाची सहीसुद्धा लागत नसे.

शेवंताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, निघाली नाही, की मी निघू दिली नाही?"

झाकण उघडून वास घेतला की आंबूस दूध शेवंताबाई फाटकातूनच परत धाडत. वजनकाट्यावर चढलेलं दूध खराब ठरलं, तर यंत्र त्या घराचं दूध वर्षभर बंद करी. मग म्हैस विकण्याचीच पाळी.

"मावशी, मला पटतंय, पण त्याला फक्त नोंदी कळतात," देशिंगकर साहेब ओशाळून म्हणाले. "आज एक तरी नासकी किटली काट्यावर चढवा. नोंद झाली की तुमची नोकरी वाचेल."

तेवढ्यात एका म्हशीवर घर चालवणारी कलावती किटली घेऊन आली. शेवंताबाईंनी झाकण उचललं आणि त्यांचं नाक आक्रसलं. साहेबांनी ते बघितलं आणि हळूच काट्याकडे बोट केलं. कलावतीचा चेहरा पांढराफटक पडला.

शेवंताबाईंनी झाकण दाबून बसवलं.

"घरी ने गं. गूळ घालून आटव, पोरं खातील."

मग अंगावरचा डेअरीचा कोट काढून त्यांनी तो साहेबांच्या हातात कोंबला.

"लिहा तुमच्या यंत्रात. आजही नासकं दूध आलं नाही."