फॉरेनची मॅडम

"आम्हाला फॉरेनची मॅडम सांगितली होती. ही तर आफ्रिकन आहे!"

महेश बोरस्ते फाटकाच्या आत यायला तयार नव्हता. लेकीला, आरोहीला, त्याने हाताशी धरून ठेवलं होतं. मागे आणखी पालक होते, दप्तरं अडकवलेली पोरं होती. नाशिक रोडच्या त्या चर्चच्या हॉलमध्ये उन्हाळी इंग्रजी वर्गाचा पहिला दिवस होता.

हॉलच्या पायरीवर ग्रेस उभी होती. केनियातल्या मोंबासाची. तिकडे ती शाळेत इंग्रजी शिकवायची. मिशनची स्वयंसेवक म्हणून आपली सुट्टी घालवायला ती इतक्या लांब आली होती.

"आणि बॅनरवर फोटो कुणाचा लावलाय बघा," मागच्या एका पोराची आई, हर्षाली, म्हणाली. बॅनरवर सोनेरी केसांची कुणीतरी गोरी बाई हसत होती. "ही आफ्रिकन पोरांना काय शिकवणार? पोरं हिचेच उच्चार उचलतील."

सगळे मनीषाकडे बघायला लागले. मनीषा साळवे चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायची. हा वर्गही तिनेच जुळवून आणला होता. तिची कानशिलं तापली होती.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि तरातरा आत गेली.

आत चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी हिरामण गायकवाड खुर्च्या मांडत होते.

"काका, बॅनरवर ती बाई कुणी लावली?"

"अगं, नेटवर सापडली. लोकांना आवडते."

"ग्रेसचा फोटो तुमच्या मोबाइलवर होता!"

"होता की. तो लावला असता तर इतकी पोरं आली असती का?" त्यांनी आवाज खाली आणला. "असं कर. शिकव तू. तिला मागे बसव. गाणी घेईल, खेळ घेईल. कुणालाच वाईट वाटायला नको."

"कुणालाच?" मनीषाने हातातला डस्टर टेबलावर आपटला. खडूची पूड उडाली. "तिला वाईट वाटणार नाही? ती माणूस नाही? लाज वाटली पाहिजे, काका! तुम्हालाही आणि बाहेरच्यांनाही!"

हिरामणकाका तिच्या मागे बघत होते. मनीषा वळली. दारात ग्रेस होती.

"जरा उशीर होईल," मनीषा घाईघाईने इंग्रजीत म्हणाली. "पालकांची वेळेची काहीतरी अडचण आहे."

"'आफ्रिकन' हा शब्द मला कळतो, मनीषा." ग्रेसचा आवाज रागाने कापत होता. "मला फक्त एवढं सांग. तू त्यांना काय म्हणालीस?"

राग तर मघापासून नुसता उकळत होता. तो सगळा तिने आपल्याच चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसावर काढला होता. ज्यांच्यावर काढायचा, त्यांना ती म्हणाली होती, थांबा जरा.

ती तशीच बाहेर आली. ग्रेस मागोमाग आली.

"बोरस्ते, वर्ग ग्रेसच घेणार. पोरीला ठेवायचं तर ठेवा, नाहीतर घेऊन जा."

"मॅडम, आमच्यावर कशाला चिडता?"

"चिडणारच! पाहुणी समोर उभी असताना तिच्या तोंडावर बोललात. आणि मी ऐकून घेतलं."

दोन स्कूटर तिथूनच वळल्या. महेशही आता पेटला. "मग विचारा ना तिला! आफ्रिकेत हिला इंग्रजी शिकवलं कुणी?"

मागे दोघं-तिघं हसले.

मनीषाने प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. ते का हसले, तेही सांगितलं.

ग्रेस पायरी उतरून फाटकाशी आली. महेशच्या डोळ्यांत बघून बोलायला लागली. एकेक वाक्य मनीषा मराठीत सांगत गेली. ग्रेसच्या खापरपणजोबांना लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवलं होतं. इंग्रजांच्या जहाजाने त्या व्यापाऱ्यांचं गलबत भर समुद्रात पकडलं. पोराला स्वतःचं गावही सांगता येईना. मग त्याला मिशनच्या शाळेत घातलं. तिथे तो इंग्रजी शिकला आणि पुढे मोंबासात मास्तर झाला. त्याने आपल्या पोरांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या पोरांना. घरात शिक्षक नाही अशी पिढी नाही. स्वयंसेवकांना जगात कुठेही जाता येत होतं. ग्रेसने हट्टाने एकच गाव मागितलं.

हसणं थांबलं होतं.

"कुठली शाळा म्हणे ती?" महेशने विचारलं. आवाज अजून घुश्शातच होता.

मनीषाचाही आवाज खाली आला नव्हता.

"शरणपुरातली. सोडवलेली अशी पोरं तेव्हा तिथे आणायचे. इथून रिक्षाने अर्ध्या तासावर. हिला इंग्रजी नाशिकनं शिकवलंय, बोरस्ते."