चढलेली रेस

"उचला ते खोकं माझ्या इंजिनावरून," मिस्त्री ट्रकखालून ओरडला. खोकं म्हणजे जावयाचा लॅपटॉप.

जावयाने तो उचलून छातीशी धरला. ट्रक जागच्या जागी गुरगुरत होता. पेडलवर कुणाचा पाय नाही, तरी रेस चढलेली. केबिन थरथरत होती, बाकावरचे पाने एकमेकांवर खुळखुळत होते. हे इंजिन मिस्त्रीने स्वतःच्या हाताने खोललं, घासलं, पुन्हा बसवलं होतं. असं इंजिन उभ्या गाडीत कुजबुजायला हवं. मग जावयाने त्याला आपली वायर जोडली, बटणं बडवली, आणि हा तमाशा सुरू झाला.

गाडी मिस्त्रीच्या थोरल्या भावाची. दादा संध्याकाळी माल भरून निघणार होता. तोवर रेस उतरली नाही तर लॅपटॉप आणि लॅपटॉपवाला, दोघांनाही गॅरेजबाहेर काढीन, असं मिस्त्रीने सकाळीच सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. लेकीचा नवरा म्हणून कोपऱ्यात एक टेबल दिलं, तर पठ्ठ्याने तिथे दरबारच मांडला होता.

"जावईबापू," मिस्त्री सरपटत बाहेर आला. जावयाची कीव करायची असली की तो फार आदराने बोलत असे. "आपल्या मशिनीचं काय म्हणणं आहे?"

"गाडीत दोष नाही, बाबा. रेस एवढीच ठेवायचीय."

"का? गल्लीला झोप लागू नये म्हणून?"

जावई काही बोलणार होता. त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या दादाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाची मिस्त्रीला किळस आली. चोर सापडला की असाच गप्प बसतो.

त्याने पेडलची स्प्रिंग पाहिली. ठीक होती. मग सगळ्यांकडे पाठ करून तापमानाच्या सेन्सरची पिन हळूच चाचपली. ती निघालेली असली की गाडीतला कॉम्प्युटर इंजिन थंड समजतो आणि रेस चढवतो. आणि इंजिन उतरवताना ती मिस्त्रीनेच काढली होती. पिन घट्ट बसलेली होती. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला आणि जीभ आणखी सुटली.

"माझं काम चोख आहे म्हटलं! घाण केलीय ती या पेटीने. दादा, जरा पेडल दाब!"

दादा ढिम्म.

"अरे दाब ना!"

नाहीच. शेवटी मिस्त्री समोर जाऊन हातवारे करू लागला, तेव्हा कुठे दादाने पेडल दाबलं. हल्ली याचं हे असंच. मागून हाक मारली तर वळायचं नाही. समोर उभं राहून बोललं तर तोंडाकडे टक लावून बघायचं, जणू भावाच्या ओठांना काही लागलंय. गाडी नवी झाली आणि म्हाताऱ्याला शिंगं फुटली. कालही जावई आणि तो केबिनच्या काचा चढवून बसले होते. दादाचे दोन्ही तळवे स्टिअरिंगवर. जावई रेस थोडी थोडी चढवतोय, दादा मानेनेच 'अजून, अजून' म्हणतोय. लहान मुलं बरी.

"उतरवा रेस," मिस्त्री म्हणाला. "आत्ता. नाहीतर टेबल उचला."

"बाबा, मी दादांना शब्द दिलाय."

"मग मोडा. तुमच्या शब्दावर गाड्या चालत नाहीत."

जावयाने वायर जोडली. बोट क्षणभर बटणावर थबकलं, मग दाबलं गेलं.

रेस उतरली. थरथर थांबली, पाने गप्प झाले. इंजिन इतकं मऊ चालू लागलं की मिस्त्रीला आपलाच श्वास ऐकू आला.

"याला म्हणतात इंजिन!" त्याने तेलकट फडकं जावयाच्या लॅपटॉपवर फेकलं. "शिका काहीतरी."

तेवढ्यात लोखंडावर लोखंड किंचाळलं. चालू इंजिनावर दादाने चावी फिरवली होती. मिस्त्रीचे दात आंबले. जावयाने डोळे मिटून घेतले.

दादाचा चेहरा तसाच. त्याने स्टिअरिंगवरचे तळवे उचलले, पुन्हा ठेवले, चाचपल्यासारखे दाबले. पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तीच किंकाळी. पलीकडच्या दुकानातला माणूसही बाहेर येऊन बघू लागला.

दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भावाच्या ओठांकडे पाहिलं.

"बंद पडली रे," तो म्हणाला. "आत्ताच तर चालू होती."

मिस्त्रीने लॅपटॉपवरचं फडकं उचललं. मग ओठ दिसू नयेत म्हणून दादाकडे पाठ केली आणि म्हणाला, "चढवा, जावईबापू. होती तेवढी."